चपला ओळखणारा राखणदार

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या भाऊंनी चोरांचा जेवढा विचार केला, तेवढा चोरांनीसुद्धा स्वतःचा कधी केला नसेल. आणि घरात चोरण्यासारखं काय, तर एक पितळी समई, गंजकं लोखंडी कपाट आणि गावाहून आलेली बरणीभर कोकमं! मुंबईत नाहूरला आमच्या मजल्यावर दोनच घरांत माणसं, त्यांच्या आणि माझ्या, आणि दोन्हीकडे एकेकच. भाऊ मालवणकडचे. भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून सगळा जन्म गेला, पण ते निवृत्त झाले तरी त्यांचे हात काही निवृत्त झाले नाहीत. बंद पडलेली वस्तू दिसली की त्यांना हरवलेलं पोर सापडल्यासारखं व्हायचं. माझा मिक्सर त्यांनी एकदा दुरुस्त करून दिला. तेव्हापासून चटणी वाटायची तर मला झाकणावर अंग टाकून उभं राहावं लागतं. तक्रार केली तर म्हणाले, "वयनी, वायच पॉवर वाढवलंय."

बायको गेल्यावर त्यांची बंगळुरूची लेक मागे लागली, बाबा, एकटे राहू नका, माझ्याकडे चला. भाऊंना काही नाहूर सोडवेना. शेवटी तिने बजावलं, "आता एकदा जरी काही झालं ना, तर मी एक शब्द ऐकणार नाही. घराला कुलूप लावून तुम्हाला घेऊन जाणार." झालं! भाऊ दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. ह्या घरात वारासुद्धा विचारल्याशिवाय शिरत नाही, हे लेकीला दाखवून द्यायचं होतं ना. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर, तेलाचा रिकामा डबा, कुणाच्या तरी नातवाच्या तिचाकी सायकलची चाकं आणि डोळ्याच्या जागी जुना मोबाइल, असा एक रोबो त्यांनी उभा केला. नाव ठेवलं राखणदार. कोकणात गावच्या सीमेवर राखण करणारा देव असतो तसा. चालू करण्याआधी त्याच्यापुढे रीतसर नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं. त्याच्या जोडीला बिस्किटांच्या डब्यातून केलेला एक धाकटा. अनोळखी माणूस दिसला की थोरला भाऊंच्याच आवाजात "कोण आसा?" म्हणून गरजायचा, धाकटा निळीच्या पाण्याची पिचकारी मारायचा, म्हणजे चोर पळाला तरी डाग राहील, आणि चोराचा फोटो थेट लेकीच्या मोबाइलवर जायचा.

आता ओळखायचं कसं? तर चपलांवरून. डोळा बसवला होता गुडघ्याच्या उंचीवर, त्याला तोंडं कुठून दिसणार! पण भाऊंचं म्हणणं वेगळंच. "तोंड कोण पण बदलता, वयनी. चप्पल तुटेपर्यंत तीच ऱ्हवता." मग घरोघर जाऊन त्यांनी आमच्या चपलांचे फोटो काढले. माझ्या अंगठा शिवलेल्या चपलेचा तर दोन्ही बाजूंनी. पहिल्या दिवशी सगळ्यांना चहाला बोलावलं. आम्ही सगळे गेलो, दाराबाहेर रांगेत चपला काढल्या आणि अनवाणी आत शिरलो! पुढे काय झालं ते सांगायला नको. सेक्रेटरींचा पांढरा शर्ट अजून आभाळासारखा आहे. "अहो भाऊ, चपला काढल्याच आम्ही!" मी साडी झटकत ओरडले. तर म्हणाले, "अनवाणी कोण येता? चोर येता." मशीन बदलायचं सोडून त्यांनी दारावर पाटी लावली, 'कृपया चपला घालूनच आत यावे.' बिल्डिंगमध्ये देव न मानणारे होते, पण चपला घालून देव्हाऱ्यासमोरून जाण्याइतके नव्हते. हळूहळू लोक उंबऱ्यावरूनच बोलून परत फिरायला लागले. मीसुद्धा भाजीची वाटी दारातच द्यायची. भाऊ मात्र खूश. "बघा, कोण शिरता आत?" म्हणायचे. म्हणताना आवाज जरा खालीच जायचा.

आणि एका दुपारी त्यांच्या लेकीचा मला फोन आला. "काकू, घरात चोर शिरलाय. जमिनीवर आडवा पडलाय, सगळा निळा झालाय. फोटोंवर फोटो येताहेत..." मग ती एकदम थांबली. "काकू, ते बाबा आहेत."

माझ्याकडे त्यांची किल्ली असते. धावत गेले, दार उघडलं आणि सवयीने चपला बाहेर काढल्या. पाऊल टाकते तोच "कोण आसा?" आणि फस्सकन निळं पाणी! आतून भाऊंचा आवाज आला, "वयनी, चपला घाला!"

"घरात? देवासमोरून?"

"देव काय बोलत नाय! ह्यो बोलता!"

मी देवाला हात जोडले, चपला घातल्या आणि शिरले. राखणदार लगेच बाजूला झाला आणि भाऊंच्याच आवाजात म्हणाला, "येवा, येवा, बसा!" भाऊ मोरीच्या दाराशी पडले होते. पाय घसरला, स्लिपर पायातून उडाल्या आणि त्यांच्याच राखणदाराने त्यांना चोर ठरवलं. फोनकडे सरकायला बघत, तर हा आडवा येई, तो पिचकारी मारी. मी धाकट्यावर बादली पालथी घातली आणि थोरल्याची वायर उपटली, तसा तो "कोण" एवढंच म्हणून गप्प झाला.

"माका वळखणा नाय हो," भाऊ म्हणाले. भुवयासुद्धा निळ्या. हसू येत होतं, पण वाकडी झालेली मांडी पाहून मी त्यांच्याशेजारी खालीच बसले. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "लेकीला सांगू नका हां. नेईल मला."

"तिनंच मला सांगितलं, भाऊ," म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मांडीत रॉड बसला. लेक आली, चार दिवसांत घर आवरलं, भाऊंना घेऊन गेली. निघताना त्यांनी लिफ्टची जाळी नीट लागते का तेवढं दोनदा बघितलं.

आता दुपारी फोन करतात. लेक-जावई कामावर, नात शाळेत. वॉकर धरून गॅलरीपर्यंत जातात, पण खाली ओळखीचं कुणी दिसत नाही म्हणतात. "काय करताय?" "बसलोय. तुम्ही?" "गवार मोडतेय." एवढ्यात आमचं बोलणं संपतं. ठेवू का म्हटलं की घाईघाईने म्हणतात, "असू दे चालू." मग मी फोन ओट्यावर उभा करून ठेवते आणि माझ्या कामाला लागते. परवा अशीच खुर्चीत टेकले आणि डोळा लागला. जाग आली ती हाकांनी. भाऊ तिकडून ओरडत होते, "वयनी, ओ वयनी! कुकर कधीचो वराडता. उठा, गॅस बंद करा."

उठून बंद केला.

"केलात?"

"केला हो."

"मगे निजा आता. मी आसंय."