यमुताईंचा हातगुण

मशीन चालू होत नव्हतं, आणि ते का होत नव्हतं हे नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्या घरात फक्त यमुताईंना ठाऊक होतं. निदान त्यांना तसं पक्कं वाटत होतं. दिवाणाच्या कडेला बसून त्या लसूण सोलत होत्या. लसूण केव्हाच सोलून झाला होता, आता नुसती सालं ताटात इकडून तिकडे होत होती.

खाली चादरीवर कॉम्प्युटरचा डबा उघडा पडलेला, आणि त्याच्यासमोर मांडी घालून सून भैरवी. तिनं बटण दाबलं की आतला पंखा गरगर फिरे, एक लांब पिपाणी वाजे, थांबे, पुन्हा वाजे. पडदा मात्र काळा तो काळाच.

भैरवीची नोकरी हिवाळ्यात गेली होती. आता शाळेच्या मुलांसाठी धड्यांचे व्हिडिओ बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला चाचणी म्हणून एक धडा करायला दिला होता. पसंत पडला तर घरबसल्या कायमची नोकरी, आणि दुपारी चारच्या आत पोचला नाही तर राम राम. धडा तयार होता, पण त्याचे सगळे तुकडे जोडून शेवटची फाइल बनवताना जुना कॉम्प्युटर धापा टाकून मधेच थांबायचा. म्हणून तिनं काल लकडगंजला जाऊन धम्मानंदच्या दुकानातून मोठी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, आणली. जुनी पट्टी त्यानं बदल्यात ठेवून घेतली. आज सकाळी नवी बसवली आणि कॉम्प्युटरनं धापा टाकणंच सोडलं.

यमुताई कोण, हे खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत विचारायला हवं होतं. त्यांचे यजमान कृष्णकांत तिथं फिटर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वर्कशॉपमधल्या अवजारांना जसं हळदकुंकू लागे, तसं घरातल्या पान्या-पेचकसांनाही लागे, आणि ते लावायचा मान यमुताईंचा. पुढे तो मान सगळ्या वसाहतीचा झाला. कुणाकडे फ्रीज आला, बोलवा यमुताईंना. कुणाची लूना आली, बोलवा यमुताईंना. एकीनं तर मिक्सरच्या भांड्यांसाठी बोलावलं होतं, आणि यमुताई नऊवारी नेसून गेल्या होत्या. त्यांनी कुंकू लावलेली वस्तू बिघडत नाही, असा बोलबालाच होता. कूलरसुद्धा! नागपुरी उन्हाळ्यात न बिघडणारा कूलर म्हणजे काय, हे ज्याचा बिघडला आहे त्यालाच कळेल.

मग कृष्णकांत गेले. त्यानंतर कुणी बोलावलं नाही. कुणी काही बोललंही नाही, नुसतं बोलावणं थांबलं. गेल्या दिवाळीत मुलाची, गौरांगची, मोटरसायकल आली तेव्हा यमुताई सवयीनं ताट घेऊन फाटकाशी गेल्या. शेजारच्या शोभाताईंनी ते ताट त्यांच्या हातून अलगद काढून घेतलं. "राहू द्या यमुताई, भैरवीच्या हातून होऊ द्या," म्हणाल्या. अशा वेळी बोलणारीचा आवाज फार मऊ असतो, म्हणून उलट बोलताही येत नाही. यमुताई आत जाऊन चहा करत बसल्या. भैरवी तेव्हा गौरांगसाठी हेल्मेट आणायला गेली होती, तिला यातलं काही कळलं नाही.

आणि आज सकाळी भैरवी 'कशाला हात लावू नका' असं सांगून आंघोळीला गेली असताना ती नवी पट्टी टेबलावर एकटीच पडलेली दिसली. लाल पत्र्याचं कवच, खाली सोनेरी दात. पोरीची नोकरी या एवढ्याशा तुकड्यावर अडलेली, आणि तिला साधं कुंकूही नाही! यमुताईंनी बोट पाण्यात बुडवलं. आधी हळद, मग कुंकू. जरा जास्तच ओघळलं, तेव्हा त्यांनी घाईघाईनं पदरानं पुसलं, आणि ते निघण्याऐवजी खाली दातांवर पसरलं. लालवर कुंकू दिसेना, सोनेरीवर हळद दिसेना. बाथरूमची कडी वाजली आणि यमुताई स्वयंपाकघरात.

"आई, तुम्ही जेवून घ्या," भैरवी मान वर न करता म्हणाली. "मले भूक नाही."

"मलेही नाही."

भैरवीनं पट्टी काढून पुन्हा बसवली. वायर तपासल्या. बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून पुन्हा लावला. पिपाणी वाजतच राहिली. धम्मानंदला फोन लावला. तो मेव्हण्याच्या लग्नाला भंडाऱ्याला गेला होता, मागे बँड जोरात चालला होता.

"ताई, पट्टीच खराब निघाली वाटते," तो ओरडून म्हणाला. "टेन्शन नका घेऊ. मी रात्री येऊन राहिलो, उद्या सकाळी बदलून देतो."

"मले चारच्या आधी पाहिजे, दादा!"

"आता इथून काय करू मी? दुकानाची चाबी माझ्या खिशात हाये."

फोन ठेवून भैरवी पुन्हा वायरींशी झटायला लागली. यमुताईंना वाटलं, सांगून टाकावं. पण सांगायचं तरी काय? तू 'हात लावू नका' म्हणाली होतीस तरी मी लावला, एवढंच असतं तर त्यांनी केव्हाच सांगितलं असतं. सूनबाईच्या रागाला त्या भीत नव्हत्या. त्यांना भीती वेगळीच होती. चाळीस वर्षं ज्या हातानं कूलर चालले, त्याच हातानं आज पोरीचं मशीन बंद पाडलं. म्हणजे शोभाताईंनी ताट काढून घेतलं ते बरोबरच होतं. हे तोंडानं बोलायचं म्हणजे स्वतःच शिक्का मारून द्यायचा.

भिंतीवरचं घड्याळ तीनच्या जवळ आलं. भैरवीनं मोबाइल उचलला आणि कंपनीच्या बाईंना लिहायला लागली. लिहिताना ती पुटपुटत होती, तेवढ्यावरून यमुताईंना कळलं. काम वेळेत देऊ शकत नाही, माफ करा.

"अवं, थांब ना जराशी," यमुताई म्हणाल्या.

"कशाले थांबू? काय उरलं आता?" भैरवीचा आवाज फाटला. "माझा हातच असा आहे, आई. ज्याले हात लावते ते बिघडून जाते. ती नोकरी गेली, आता हेही..."

यमुताई ताडकन उठल्या. मांडीवरचं ताट खाली पडलं, लसूण फरशीभर झाला.

"तुझा नाही वं! तुझ्या हाताले काही नाही झालं. माझा आहे तो हात!" आणि मग सगळं एकदम बाहेर पडलं. टेबल, पट्टी, पाणी, हळद, कुंकू, पदर. "तू आंघोळीत होती. म्या चोरून लावलं. फेक ते पत्र तुझं."

भैरवीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की यमुताईंनी डोळे मिटून घेतले. पण शिव्या आल्या नाहीत. टेबलाचे खण धाडधाड उघडल्याचा आवाज आला.

"खोडरबर कुठं आहे? आई, डोळे उघडा! खोडरबर! आणि एक कोरडा ब्रश!"

भैरवीनं पट्टी काढली, खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. सोनेरी दातांवर पिवळट पापुद्रा वाळून बसला होता. तिनं तो खोडरबरानं घासला, दोन्ही बाजूंनी. खाचेतली भुकटी ब्रशनं झटकली, आणि तिथं काही राहिलं असेल म्हणून पट्टी शेजारच्या दुसऱ्या खाचेत दाबली. खट्ट. तिनं बटण दाबलं. यमुताईंनी देवाचं नाव घेतलं नाही, घ्यायची हिंमतच झाली नाही.

पंखा फिरला. एकदाच, आखूड टिक् झालं. पडदा उजळला.

फाइल तयार व्हायला लागली. पडद्यावरची हिरवी रेघ मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि चार वाजायला चारच मिनिटं असताना भैरवीनं धडा पाठवला. कंपनीच्या बाईंचं 'मिळाला' आलं, तेव्हा तिनं पाठ भिंतीला टेकली.

मग ती भडकली. "सांगायचं नाही का? सकाळपासून मी पागल होऊन राहिली इथं! पाच मिनिटांचं काम होतं!"

"सांगणार होती," यमुताई फरशीवरचा लसूण वेचत म्हणाल्या. "पण शोभाताई बरोबरच म्हणे वं. ते गेले, आता माझ्या हातानं शुभाचं काही करू नये. मोटरसायकलच्या वेळी तिनं ताट घेतलं तेव्हाच मले समजाले पाहिजे होतं."

भैरवीचा राग जागच्या जागी थांबला. ताटाची गोष्ट ती आज पहिल्यांदा ऐकत होती. ती सासूच्या समोर फरशीवर येऊन बसली आणि त्यांच्या मुठीतला लसूण काढून बाजूला ठेवला.

"आई, इकडे पाहा. कुंकू ओलं होतं, दातांवर वाळून चिकटलं. म्हणून बंद पडलं. ओलं कोणीही लावलं असतं तरी बंदच पडलं असतं. मी लावलं असतं तरी."

"तू लावलं असतं तरी?"

"हो."

यमुताईंनी आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला. बोटाला अजून हळदीचा पिवळेपणा होता. मग, यजमान गेल्यावरही चार माणसांत नीट न रडलेल्या यमुताई सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडल्या.