कासमभाईंनी गल्ली जिवंत केली

जुन्नरच्या जुन्या पेठेत कासमभाईंचं हॉटेल होतं आणि तिथं एकच पदार्थ मिळायचा, मटणाचा रस्सा. भाकरी मिळायची नाही, कारण कुणी मागायचंच नाही. बाजाराच्या दिवशी माणसं घरून फडक्यात भाकरी बांधून आणायची, चिमाजी लोहाराकडे विळे-खुरपी धार लावायला टाकायची आणि समोर कासमभाईंकडे येऊन बसायची. भाकरी कुस्करून वर रस्सा ओतून घेतला, जेवण झालं, की तिकडे धार लागलेली असायची. जाताना कुणी बियाणं घ्यायचं, कुणी चप्पल शिवून घ्यायचं. गल्ली का चालते, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता, आणि कासमभाईंना तर नाहीच नाही.

पण व्यापाऱ्यांच्या एका सभेत पुण्याहून आलेला मोहित नावाचा सल्लागार बोलून गेला, "एक चांगलं रेस्टॉरंट अख्खी पेठ जिवंत करू शकतं." पेठ काही मेली नव्हती. बाहेरच्या रस्त्यावर नवी दुकानं झाल्यापासून जरा मंदावली होती, इतकंच. पण पहिल्या रांगेत खुर्ची मिळालेल्या माणसाला एवढा विचार कुठला सुचायला? कासमभाई घरी आले ते पेठेचे तारणहार होऊनच.

त्यांच्या बायकोनं, रहिमाबीनं, सगळं ऐकून घेतलं. "पेठ जिवंत करायची म्हंजी नक्की काय करायचं?"

"सोफे आणायचे," कासमभाई म्हणाले.

आले सोफे. बाकडी भंगारात गेली. भिंतीला प्लास्टिकची हिरवळ चिकटली आणि तीवर गुलाबी दिव्यांत 'आय लव्ह जुन्नर' झळकलं. रश्श्याचं मोठं पातेलं माळ्यावर गेलं, त्याच्या जागी कोल्ड कॉफीचं मशीन बसलं. दारावर पाटी लागली: बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे. ही पाटी त्यांनी पुण्याच्या एका मॉलमध्ये पाहिली होती. तिच्याशिवाय रेस्टॉरंट म्हणजे काय, असं त्यांना वाटायचं.

पहिल्याच बाजाराला आपटाळ्याची साळुबाई आली. सोफ्यात रुतली, सावरून बसली आणि गाठोडं सोडायला लागली.

"मावशी, भाकरी भाईर ठेवा. आता चालत न्हाई."

"मग रस्सा कशासंगं खाऊ?"

"बटर नान हाय की. आन् रस्साबी आता रस्सा न्हाई ऱ्हायला, ग्रेव्ही हाय."

साळुबाईनं गाठ पुन्हा मारली. "तूच खा, भाऊ," म्हणाली आणि उठून गेली. तिच्यामागं दारात थबकलेली माणसंही निघून गेली.

संध्याकाळी मात्र कॉलेजची पोरं-पोरी यायची. एका कॉफीत दोन नळ्या घालून गुलाबी दिव्यांखाली फोटो काढायची. कासमभाई गल्ल्यावरून कौतुकानं बघत राहायचे. तरुणाई पेठेत परतली, असं ते भेटेल त्याला सांगायचे. त्या तरुणाईला खुरपं लागत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायचं नाही.

"चिमाजीभाऊंचा भाता बंद हाय," रहिमाबी म्हणाली. "जरा समोर बघा."

"बदलाला वेळ द्यावा लागतो," कासमभाई म्हणाले, अगदी त्या सल्लागाराच्या आवाजात.

मग एका बाजाराच्या दिवशी चिमाजीच्या दारात टेम्पो लागला. कासमभाईंनी तो गल्ल्यावरून पाहिला. जन्मभर दोघांनी समोरासमोर दुकानं उघडली होती. ते धावतच रस्ता ओलांडून गेले.

"कुठं रं?"

"ओतूरला. एका हाटेलासमोर गाळा मिळालाय."

"हाटेलासमोरच कशाला?"

"भाकरी बांधून आलेली माणसं तिथं बसत्यात. आपलीच हायेत, हितलीच. साळुबाईबी दिसली."

"मी पाटी काढतो," कासमभाई म्हणाले. "आत्ता काढतो, राव. पातेलंबी खाली घेतो. तू जाऊ नकोस."

"काढ की. पण मी तिकडं शब्द देऊन बसलोय." चिमाजीच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच कासमभाईंना जास्त लागलं. "सगळी गल्ली तुझ्या रश्श्यावर जगत व्हती, कासम. आमी तुला कधी सांगितलं न्हाई, ही आमचीच चूक."

कासमभाईंना रडू आवरेना. चिमाजीनं दुसरीकडे बघितलं, मग ऐरणीखाली हात घातला.

"लई जड हाय. तिकडनं धर जरा."

कासमभाईंनी धरली आणि टेम्पोत चढवून दिली.