तव्याच्या लेकीचा पाव

भट्टीवाल्याला अख्खी गल्ली ‘तवा’ म्हणायची, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? पाव कमी फुगला की हा गोळा भिंतीवर फेकून मारणार, गिऱ्हाइकाने शिळा म्हटलं की त्याची कॉलर धरणार. कामाला वाघ, पण डोकं कधी ठिकाणावर नाही.

त्याची आठ वर्षांची लेक पाव खाल्ला की पोट धरून बसायची. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र टम्म. भट्टीवाल्याची पोर पावाला नाक मुरडते म्हणजे काय! एकदा त्याने तिच्या थोबाडीत ठेवून दिली आणि रडत्या तोंडात पाव कोंबला. तो तिने तिथेच ओकला.

मग तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरीला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गव्हात, जवात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं, ते हिला जन्मभर बंद. पाव, बिस्किटं, केक, काहीच नको. यावर गोळी नाही, पथ्य तेवढं पाळायचं. घरी येऊन या बाबाने स्वतःच्याच गालावर फाडफाड मारून घेतलं. बायकोने हात धरले म्हणून थांबला.

आणि मग पेटलाच गडी. सकाळची भट्टी उतरली की स्वतःच्या हाताने लेकीसाठी तांदळाच्या पिठाचा पाव करायचा. दुसऱ्या कुणाला त्या पिठाच्या डब्याला हात लावू द्यायचा नाही. दोन महिने हे चाललं, तरी पोरीचं ओकणं काही थांबेना.

म्हणजे कुणीतरी चोरून खायला घालतंय! संशय गेला थोरल्या भावावर. वीस वर्षं बिचारा गल्ला सांभाळत होता, पुतणीवर जीव टाकत होता, एवढाच त्याचा गुन्हा. तव्याने एकदा विचारलं, भाऊ नाही म्हणाला. दुसऱ्यांदा विचारण्याइतका दम याला कुठला! भट्टीतून पाव काढायचं लांब लाकडी फावडं उचललं आणि त्याचा दांडा भावाच्या तोंडावर घातला. दात तुटून पिठात पडला. भाऊ कोसळला, तरी हा बरगड्यांत लाथा घालतच राहिला. पोरगी दारात उभी राहून किंचाळत होती, काकाने काही दिलं नाही म्हणून सांगत होती. ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं. पाव कुठे करता? भट्टीत. कुठल्या टेबलावर? त्याच. चाळणी? तीच, पण झटकून घेतो की! बाईंनी कपाळाला हात लावला. भट्टीच्या हवेतसुद्धा गव्हाचं पीठ उडत असतं, चिमूटभरही हिला पुरतं.

“बाहेरचं कुणी देत नाहीये,” बाई म्हणाल्या. “तुमच्याच हातून जातंय.”

भावाचा सुजलेला चेहरा तव्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

बाईंनी पोरीला जवळ घेऊन समजावलं. आपल्या अंगात पहारेकरी असतात, आजाराचे जंतू आले की त्यांना बडवतात. तुझ्या पहारेकऱ्यांना ग्लूटेन दिसलं की ते भडकतात आणि आतड्याचं अस्तरच फोडून काढतात. अस्तर फाटलं की जेवण अंगी लागत नाही. ग्लूटेन पोटात गेलंच नाही, तर अस्तर हळूहळू भरून येतं.

पोरीने थोडा विचार केला. “बाबांनी काकाला मारलं, तसं?”

बाईंनी तव्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता.

“हो,” बाई म्हणाल्या. “तसंच.”

त्या दिवसापासून लेकीचा पाव घरी, आईच्या हातचा, नव्या भांड्यांत, नव्या चाळणीने. तवा भावाच्या दारात दोनदा जाऊन आला. दार उघडलं नाही. भट्टीवरून आला की तो बाहेरच कपडे बदलायचा, हात घासघासून धुवायचा. महिन्याभरात पोरीच्या गालांवर मांस दिसू लागलं. एका संध्याकाळी न राहवून त्याने तिच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला, तर ती दोन्ही हातांनी तोंड झाकून भिंतीला चिकटली.

“अगं, धुतलेत,” तो म्हणाला. “साबणाने, कोपरापर्यंत. पीठ नाही कुठे.”

“मी पिठाला नाही भीत, बाबा,” ती हातांआडून म्हणाली.