खरवड आणि होकार

दूध करपल्याचा वास आला की मला लग्नाआधीची नाशिकच्या डेअरीतली नोकरी आठवते. दूध तापवणाऱ्या यंत्राच्या पत्र्यांवर थर साचू नये म्हणून तिथे रोज कॉस्टिक सोड्याचं कातडी जाळणारं पाणी फिरवत. त्या संध्याकाळी मला बघायला पिंपळगावचे पाहुणे यायचे होते, आणि आधीची स्थळं माझ्या बडबडीनेच पळालेली. पण उघडलेल्या पत्र्यावर खरवड दिसली आणि घरी तिच्यासाठी भावंडांशी भांडणारी ही बया ती बोटाने चाटून मोकळी. "अहो ताई, कॉस्टिक धुवायचंय अजून," मिस्त्री ओरडला. जीभ सोलून निघाली. पाहुण्यांसमोर मी नुसती मान हलवत राहिले. "किती शांत मुलगी," म्हणत सासूबाईंनी तिथेच होकार दिला. आताही मी बोलत सुटले की हे हळूच विचारतात, "ते कॉस्टिक कुठे मिळतं गं?"