मारोतरावकाकांच्या हातची सही

मारोतरावकाका आपल्या मुलीची सही स्वतः करत. मूळचे हदगावकडचे, पाटबंधारे खात्यात कारकून, आणि लातुरात आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांची शोभा बी.ए. झाली, बावीस वर्षांची झाली, तरी कुठलाही अर्ज आला की काका चष्मा पुसून मांडी ठोकून बसायचे आणि पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत सगळं एकहाती लिहून काढायचे. शोभा त्यांना भाऊ म्हणायची; ती शेजारी बसून नखं कुरतडायची. "तू कशाला इचार करतीस? मी हाय ना," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. सहीला ते दस्कत म्हणायचे, जुन्या निजामी वळणानं.

वेणी एक की दोन, कुणाशी किती बोलायचं, सगळं काकाच ठरवणार. परीक्षा असो की पाहुणे, शोभाच्या पोटात कळ यायचीच. एकदा मी विचारलं, "नेमकं कुठं दुखतंय गं?" तर ही बया काकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मला असा संताप आला! आता काका जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण ते आठवलं की अजून बसल्याजागी चुळबुळ होते.

मी काही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. "काका, तिचं तिला लिहू द्या की," मी म्हणाले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, कचेरीतल्या कारकुनानं माझ्या बापाचा अंगठा धरून शाईत दाबला व्हता. कशावर दाबला, ते बापाला मरेस्तोवर कळलं न्हाई. माझ्या पोरीचा कागद मी चुकू देणार न्हाई." जीव होता हो त्यांचा तिच्यावर, खूप होता, आणि तीच तर पंचाईत होती.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाऊस नाही, नळ कोरडे, टँकरपुढे घागरींची रांग. आणि गावभर मात्र नव्या कचेऱ्यांच्या ताज्या रंगाच्या पाट्या. जागा भरायच्या होत्या. काकांना दुसरं काही सुचेना. "लई धावपळ करून राहिलो, पण आपली शोभा जिल्ह्याच्या कचेरीत बसणार म्हंजे बसणार." अर्ज गेला, शोभा लेखी परीक्षाही पास झाली आणि कागद तपासायला बोलावणं आलं. सोबतीला मीही गेले.

तिथला कारकून म्हणाला, "बाई, माझ्यासमोर सही करा." शोभानं केली. अर्जावरच्या सहीशी जुळेना. दुसऱ्यांदा केली, तिसऱ्यांदा केली. तरी जुळेना. दारात येरझाऱ्या घालणारे काका सरळ आत आले आणि तिचा पेनासकट हात धरून म्हणाले, "असं. 'श'ची गाठ वरून घे."

"काका, हात सोडा," कारकून म्हणाला. माणूस भला होता. कोरा कागद पुढे सरकवून तो शोभाला म्हणाला, "अर्जावरची सही माझीच आहे, एवढं लिहून द्या. मी पुढं पाठवतो."

"लिही," काका म्हणाले.

शोभानं एकच ओळ लिहिली. 'अर्जावरील सही माझ्या वडिलांची आहे.' खाली स्वतःची सही केली. कारकुनानं ती ओळ दोनदा वाचली आणि अर्ज बाजूला काढून ठेवला. नोकरी गेली.

घराच्या वाटेवरच्या बसस्टँडपर्यंत काका झपाझप पुढं चालत गेले आणि तिथल्या बाकावर आमच्यासोबत टेकले. मला वाटलं, आता घरी जाऊन रामायण होणार. निलंग्याची गाडी लागली, सुटली. काका उठायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. शेवटी तिच्यापुढे उभे राहून म्हणाले, "मग तुला करायचं तरी काय हाय, शोभे?"

त्यांनी तिला काही विचारलेलं मी प्रथमच ऐकत होते. मी मनात म्हटलं, बोल बाई, आता तरी बोल. शोभाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"मला काय पायजे ते तुमालाच ठाऊक असायचं, भाऊ. तुमीच सांगा."

काका मग तिच्या शेजारी, धुळीतच, खाली बसले.

"मलाबी ठाऊक न्हाई गं," ते म्हणाले.