न पसरलेला रंग

इंदुरातल्या एका शाळेत मी तिसरीच्या मुलांना चित्रकला शिकवते. रंगपेट्या सगळ्यांच्या घरी नसतात, स्केचपेन मात्र असतात. म्हणून मी नुसत्या स्केचपेनचे आणि पाण्याचे खेळ बसवले. टिशू पेपरवर काळ्या स्केचपेनने जाड गोल काढायचा, मधोमध ड्रॉपरने पाण्याचा थेंब सोडायचा आणि हात मागे घ्यायचा. काळ्यातून निळा निघतो, मग गुलाबी, कडेला पिवळा. मुलं ओरडतात, "मॅडम, काले में से तो सब निकल रहा है!" कागद वाळला की मधे चिमटा लावायचा, झालं फुलपाखरू. हे जमेपर्यंत मी घरच्या ओट्यावर कितीतरी कागद वाया घालवले. माझी बोटं कायम जांभळी असायची.

मग आमच्याकडे नव्या को-ऑर्डिनेटर आल्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इंदुरात. स्टाफरूममध्ये मराठी बोलणारं कोणीतरी आलं म्हणून मी हरखून गेले. डबा त्यांच्यासोबत खाऊ लागले. एका दुपारी सगळे खेळ करून दाखवले, त्यांनी फोनवर फोटो काढले.

"तुमचं मराठी म्हणजे निम्मं हिंदीच हो," त्या हसून म्हणाल्या. "मूळच्या कुठल्या?"

"महूच्या. आजोबा फौजेत होते न."

मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या, आणि त्या दिवसानंतर माझ्या डब्यातली भाजी त्यांनी कधी घेतली नाही.

पुढच्याच मीटिंगमध्ये प्रिन्सिपल सरांनी को-ऑर्डिनेटर मॅडमच्या नव्या उपक्रमाचं तोंडभरून कौतुक केलं. पडद्यावर फोटो आले. कागदावर थेंब सोडणारी ती जांभळी बोटं माझी होती. बाहेर पडताना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, टीमवर्क असतं हे. एवढं काय मनाला लावून घेता?"

मी लावून घेतलं. भांडले नाही, वाट पाहिली.

पालकांसमोर प्रात्यक्षिक ठरलं. सामान मॅडमनी स्वतः मागवलं, चांगलं महागातलं. सकाळी हॉलमध्ये टेबलावर मी ते पाहिलं. परमनंट मार्कर! पार्सलच्या खोक्यावर पत्ता लिहितात ते. बादलीभर पाणी ओतलं तरी त्यांची शाई जागची हलत नाही. मी एकाचं टोपण काढलं, वास घेतला, टोपण लावलं आणि होता तिथे ठेवून दिला.

"सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम, मॅडम."

हॉल भरला. माझ्या वर्गातली चार मुलं पुढे बसली होती. मॅडमनी माइकवर छान भाषण केलं, गोल काढले आणि थेंब सोडला. काळं काळंच राहिलं. अजून पाणी घातलं. मग अजून. शेवटी कागद लगदा होऊन फाटला. मागून कोणी बाप म्हणाला, "भिया, ये तो जम नहीं रहा." लोक हसले.

"इथल्या पाण्याचा काहीतरी प्रॉब्लेम आहे," मॅडम माइकवरच पुटपुटल्या.

"नर्मदा का पानी है जी, इसमें क्या खराबी?" एक आई तडकली.

मी खुर्चीत बसून त्यांच्या मानेवरचा घाम पाहत होते. अजून थोडा वेळ पाहिला असता. पण पुढे बसलेली एक मुलगी रडवेली झाली, तेव्हा उठले. पर्समधून स्केचपेन काढून तिच्या हातात दिला. तिने गोल काढला, थेंब सोडला, आणि निळा, गुलाबी, पिवळा असे एकेक रंग बाहेर पडले. हॉलमध्ये टाळ्या झाल्या.

"आपको कैसे पता था?" प्रिन्सिपल सरांनी विचारलं.

"सर, ये मेरा ही बनाया हुआ है. मॅडम को मैंने दिखाया था."

सर मॅडमकडे वळले. मॅडम रुमालाने टेबलावरचं पाणी टिपत राहिल्या.

नंतर कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला गाठलं. "सकाळी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"उपक्रम तुमचा होता न, मॅडम. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

आता तो उपक्रम माझ्या नावावर आहे. त्या अजून आमच्याच शाळेत आहेत. रोज सकाळी गेटपाशी त्या आधी नमस्कार करतात, आणि मी उत्तर द्यायला जरा वेळ लावते.