कूलरचं तोंड

आमच्या शेजारचे कारकून दर रविवारी दुपारी पुण्यातल्या आपल्या मुलासोबत कॉम्प्युटरवर ऑनलाइन गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतात. मुलाचं मशीन नवं, यांचं जुनाट. मागं पडू नये म्हणून यांनी प्रोसेसरचा वेग सेटिंगमध्ये वाढवून ठेवलेला. मग तो तापतो. म्हणून बीडच्या उन्हाळ्यात घरातल्या एकुलत्या कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडं, आणि हे बनियनवर घाम पुसत बसलेले. "आपल्याला काय, सवय हाय," म्हणतात. मला बघवत नाही.

परवा माझ्यासमोरच गेम मध्येच बंद पडला. त्यांनी कॅबिनेटवर तळहात ठेवून पाहिला, वाढवलेला वेग पुन्हा पहिल्याइतका करून टाकला आणि मुलाला फोन लावला.

"तू दोस्तांसंगं खेळ बाबा आता. न्हाई झेपत याला."

फोन ठेवला आणि कूलर स्वतःकडं वळवला.